येथे चार पैसे सुटतील

३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. वर्तमानपत्रातली ती बातमी वाचून मी आईला म्हटलं, "तुझे चार पैसे गेले आता." ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "होते कधी?"

होते. मी त्यांचा वास घेतलेला आहे. आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या वरच्या फळीवर मेतकुटाचा एक डबा असे. त्यातलं मेतकूट संपून वर्षं झाली होती. आत दोनाच्या आणि पाचाच्या नोटा घडी घालून ठेवलेल्या असत. त्या नोटांनी मी कधी वही घेतली, तर दुकानदार नोट नाकाशी नेऊन पाही आणि माझ्याकडे बघून हसे. बाबांचा पगार बिनवासाचा होता. तो पाकिटातून यायचा आणि सात तारखेच्या आत वाणी, दूधवाला, भाडं, फी अशा ठरलेल्या नावांनी निघून जायचा. मेतकुटाच्या डब्यातल्या पैशांवर कुणाचंच नाव नसे.

या पैशांसाठी आपल्या भाषेत क्रियापदही वेगळं आहे. पगार होतो. व्याज मिळतं. लाच खातात. चार पैसे मात्र सुटतात. जणू ते कुठेतरी दाव्याला बांधलेले आहेत आणि कुणीतरी हळूच गाठ सोडायचाच काय तो अवकाश. 'वरकमाई' हा खरं तर किती सरळ शब्द. पण तो बिघडला. मुलगा बघायला गेलेल्या मंडळींनी "पगार ठीक आहे, शिवाय वरकमाई..." असं म्हणून आवाज खाली आणला, तेव्हापासून घरंदाज माणसाला तो तोंडात धरता येईना. राहिला 'जोडधंदा'. तो शाळेच्या पुस्तकात होता, पण शेतकऱ्यासाठी राखून ठेवलेला: कुक्कुटपालन, शेळीपालन, मधमाश्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. शेळी चढली असती, पण शेजारच्यांनी चढू दिली नसती.

म्हणून डोंबिवलीनं आपला वेगळा जोडधंदा काढला आणि त्याच्या पाट्या लावल्या. त्या काळी स्टेशनपासून घरापर्यंत चालत आलं तरी एका गावाची सगळी आर्थिक पाहणी होत असे. 'येथे साडीला फॉल-पिको करून मिळेल.' 'थालीपिठाची व चकलीची भाजणी मिळेल.' 'पहिली ते चौथी शिकवणी.' 'हार्मोनियम शिकवली जाईल व दुरुस्त करून मिळेल', म्हणजे शिकवणीचा परिणाम काय होतो हे गुरुजींना ठाऊक असावं. आमच्या जिन्यात आईची पाटी होती. रंगारी अक्षरावर पैसे घ्यायचा, त्यामुळे आईनं 'मिळेल' एकदाच लिहवून घेतलं. पाटी अशी झाली: 'फॉल-पिको, मेतकूट, लोकरीचे स्वेटर, शिकवणी मिळेल.' एक गृहस्थ खरंच वर आले आणि मेतकूट कोण शिकवतं, असं विचारून गेले.

सगळ्यांत जास्त पसारा राख्यांचा झाला. एका वर्षी आईनं मशीद बंदरच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून राख्यांचं काम आणलं. सामान त्याचं, हात आपले. हिशेब ग्रोसवर, म्हणजे एकशे चव्वेचाळीस राख्यांमागे ठरलेले पैसे. त्या वेळी स्पंजाच्या राख्यांची चलती होती. खाली मोठी चकती, तिच्यावर लहान, तिच्यावर आणखी लहान, वर चंदेरी कागदाचं फूल आणि मधोमध प्लॅस्टिकचा मणी. इतकी मजली राखी मनगटावर बांधली की भावाला घड्याळ काढून ठेवावं लागे. रात्रीची जेवणं झाली की सतरंजी अंथरली जाई. ताई चकत्या चिकटवी, मी फुलं, आजी मणी. आजीला कमी दिसायचं, त्यामुळे तिच्या राख्यांत मणी कधी मध्यावर नसे. पण व्यापाऱ्यानं एकदा 'ही नवी डिझाइन बरी आहे' म्हटल्यापासून तिला कोणी बोलेना.

बाबा यात नव्हते. ते पलीकडे पेपर वाचत बसत आणि अधूनमधून "दिवा किती वेळ जळतोय" असं म्हणत. पण चमकी कुणाची परवानगी घेत नाही. ती आमटीत आली, उशीच्या अभ्र्यात आली, देवांवर तर ती शोभूनच दिसली. एके दिवशी बाबांच्या साहेबांनी फायलीवरून नजर उचलून त्यांच्या टकलाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "घरी काही कार्य आहे का?" बाबा त्या संध्याकाळी घरी येऊन कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रात्री मात्र सतरंजीच्या कडेला येऊन बसले आणि म्हणाले, "धागा मी कापतो. पण कापायचाच." तेव्हापासून आमचे धागे एका मापाचे निघू लागले. बाबांनी पट्टी लावली होती.

राख्यांचे पैसे आले ते श्रावण संपल्यावर. किती आले ते आईनं सांगितलं नाही. आठ दिवसांनी एका दुपारी ती घरी नव्हती. संध्याकाळी आली, पदर सारखा केला आणि चहा ठेवला. बाबांनी विचारल्यावर तिनं पर्समधून पुठ्ठ्याचं एक तिकीट काढून ओट्यावर ठेवलं. डोंबिवली ते दादर, फर्स्ट क्लास, जाऊन येऊन.

"दादरला काय होतं?"

"काही नाही. गेले, आले."

"अगं, पण पैसे देऊन फर्स्ट क्लास? कशाला?"

"एकदा बसून बघायचं होतं," आई म्हणाली.

बाबा त्या तिकिटाकडे खूप वेळ बघत राहिले. त्यांनी तीस वर्षं सेकंड क्लासच्या पासावर काढली होती, त्यातली बरीचशी उभ्यानं. रागावावं की हसावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गादी असते ना?" आई म्हणाली, "असते. पण माणसं बोलत नाहीत एकमेकांशी. सगळ्या प्रवासात एकीनंसुद्धा भाजी निवडली नाही."

बाबांच्या मागे स्वतःचा एक धाक होता. ते केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून; आणि केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ यांतला नियम पंधरा त्यांना रामरक्षेसारखा पाठ होता. खाजगी व्यापार करायचा नाही, दुसरी नोकरी धरायची नाही. इतकंच असतं तर ठीक. पण नियम करणाऱ्याला मध्यमवर्गाची नस माहीत होती. घरच्या माणसाच्या नावानं विम्याची एजन्सी असेल तर तिच्यासाठी गिऱ्हाइकं फिरवायची नाहीत, असंही त्यात लिहून ठेवलेलं. आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं १९५६ साली, आणि पुढच्या आठ वर्षांत सरकारच्या लक्षात आलं असणार की देशातल्या निम्म्या सौभाग्यवती विमा एजंट झाल्या आहेत आणि त्यांच्या पॉलिस्या कचेऱ्यांतून खपत आहेत. हे निम्म्याचं प्रमाण माझं. आमच्या इमारतीवरून काढलेलं.

आईनं एजन्सी घेतली. रीतसर, तिच्या नावावर, आणि काम तीच करायची. बाबा कुणालाही विमा घ्या म्हणाले नाहीत. नियमात तोंडावर बंदी होती, चेहऱ्यावर नव्हती. त्यांच्या रोजच्या लोकलच्या ग्रुपमध्ये कुणाच्या अकाली जाण्याची गोष्ट निघाली की ते काही न बोलता खिडकीबाहेर बघत आणि एक उसासा सोडत. मुंब्र्याच्या खाडीपर्यंत तो उसासा पुरे. मग शेजारचा विचारी, "काय हो, काय झालं?" बाबा म्हणत, "काही नाही. मुलं लहान होती त्याची." येत्या रविवारी तो शेजारचा सहकुटुंब आमच्याकडे हजर. आई पोहे करायची, फॉर्म भरायची आणि बाबा नियम पाळून आतल्या खोलीत बसायचे.

त्या धंद्याचं एक अंकगणित होतं, ते आम्हा मुलांनाही पाठ झालं. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर पंचवीस टक्के, पुढची दोन वर्षं साडेसात, आणि त्यानंतर पॉलिसी चालेल तोवर पाच. आईला पहिल्या वर्षाच्या पंचवीस टक्क्यांचं अप्रूप नव्हतं. तिला पाच टक्के आवडायचे. "एकदा लावलं की येत राहतं," असं ती म्हणायची, शेवग्याच्या झाडाबद्दल बोलावं तसं. नातेवाइकांचं मात्र उलटं झालं. लग्नकार्यात आई समोरून आली की दोन-चार काका एकदम बुफेकडे वळायचे. "यांना मरणाची भीती नाही, हप्त्याची आहे," हे तिचं निदान.

आईचा आदर्श होता लिज्जत. ती गोष्ट तिनं आम्हाला शिवाजी महाराजांच्या खालोखाल सांगितली असेल. १५ मार्च १९५९, गिरगाव, इमारतीची गच्ची, सात गुजराती बायका आणि ऐंशी रुपये उसने. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं. त्याचं पुढे काय झालं हे सगळ्या देशानं ताटात पाहिलं आहे. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आई नव्हती. नाहीतर 'बघ' म्हणाली असती. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड वजन करून द्यायचे आणि हातोहात पैसे घ्यायचे, या व्यवस्थेचं तिला फार कौतुक. तिनंही आमच्या गच्चीवर पोह्याचे पापड घालून पाहिले. पहिल्या दिवशी कावळे आले, दुसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस, तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी. गच्ची होती, पीठ होतं, उसने ऐंशी रुपयेही मिळाले असते. पण त्या सातजणी होत्या आणि आई एकटी. हे मला आता दिसतं. तेव्हा मी कावळ्यांनाच दोष दिला.

लालबागच्या मावशीची गोष्ट मी हसत सांगू शकत नाही, तरी सांगतो, कारण तिच्याकडे 'वरचे पैसे' म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं. काका गिरणीत साच्यावर होते. दहा बाय बाराच्या खोलीत मावशी आठ जणांची खानावळ चालवायची. घाटावरचे, कोकणातले, बायकामुलं गावाला ठेवून आलेले गिरणी कामगार. दोन पाळ्यांचे दोन वेळचे डबे. कोण किती दिवस गावी गेला त्याचे खाडे भिंतीवर कोळशानं मांडलेले. गिरणगावात अशा खानावळवाल्या शेकड्यांनी होत्या; सामान भरायला सावकाराकडे जायच्या आणि व्याजातच अडकायच्या. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेच्या दारात उभं केलं. माझी मावशी त्या दारापर्यंत गेली नाही. ती म्हणायची, "माझं कुठं हाटेल आहे? काकांचा पगार आहे की. हे आपलं वरचं."

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. काकांचा पगार थांबला, तेव्हा मावशीला वाटलं, खानावळ आहे, निभेल. पण खानावळीत जेवणारे आठही जण गिरणीतलेच. मुख्य कमाई आणि जोडकमाई एकाच भोंग्याला बांधलेल्या होत्या हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. दोन महिने तिनं आठ जणांना उधारीवर जेवू घातलं. मग एकेक जण गावाकडे गेला. एकानं देण्यापोटी पत्र्याची ट्रंक ठेवली, एकानं नुसता शब्द. तो संप कुणी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही, तशी मावशीनं भिंतीवरची खाड्यांची रेघोटीही पुसली नाही. रंग द्यायच्या वेळी ती तेवढा भाग सोडायला सांगायची.

पुढे तिनं दादरच्या पोळी-भाजी केंद्राला चपात्या पुरवल्या, दिवसाला दोनशे. लग्नानंतर ती लालबागच्या वळणानं चपाती म्हणायला लागली होती. तिची चपाती परळचा पूल ओलांडून दादरला गेली की तिची पोळी व्हायची आणि नगामागे पाच पैसे जास्त मिळायचे. "पीठ तेच, लाटणं तेच," मावशी सांगायची, "पाच पैसे नावाचे." काका कणीक मळायला बसायचे. साच्यावरचा हात, कणकेचा गोळा त्यांनी कधी सैल होऊ दिला नाही. 'वरचे' पैसे खाली आले, तळाशी गेले आणि त्यांच्यावर घर उभं राहिलं. त्या पैशांना मावशी मग 'वरचं' म्हणेनाशी झाली. नुसतं 'काम' म्हणायची.

माझं म्हणाल तर मीही सरकारी नोकरीत लागलो, राज्य सरकारच्या. बाबांनी पहिल्याच आठवड्यात मला बसवून नियम समजावले. आता नियम १९७९ चे होते, पण वंश तोच. ट्यूशन नको, एजन्सी नको, दुकान नको. मग चष्मा पुसून म्हणाले, "एका गोष्टीला मात्र परवानगी लागत नाही. प्रासंगिक साहित्यसेवा." सरकार इतकं उदार का झालं, याचा मी विचार केला. उलगडा झाला तो पहिल्या दिवाळी अंकाचं मानधन आल्यावर. पंचाहत्तर रुपये. सरकारला सगळं माहीत असतं.

पंचाहत्तर रुपयांच्या त्या लेखासाठी मी तीन वेळा पुनर्लेखन केलं होतं, दोन ठिकाणांहून तो 'साभार परत' आला होता, दोन्ही वेळेला परतीची तिकिटं मीच लावली होती. बायको हिशेबात पक्की. तिनं कागद, टपाल, चहा आणि जागरण धरून गणित मांडलं आणि सांगितलं की तासाला अठ्ठेचाळीस पैसे पडतात. आई ऐकत होती. म्हणाली, "राखीला बरे पडायचे." तरी त्या पंचाहत्तर रुपयांतून मी बाबांना पेन घेतलं, आईला गजरा आणि बायकोला भेळ. पगारातून मी कधी भेळ खाऊ घातली असेन, पण ती कुणाच्या लक्षात नाही. ही आहे.

माझी भाची हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करते आणि शनिवार-रविवारी केक करून विकते. दिवाळीत केक बंद, तेव्हा चकल्या आणि करंज्या. त्या थेट न्यू जर्सीला कुरिअरनं जातात. तिकडच्या कुणाला आपल्या आजीच्या हातची चकली हवी असते आणि आजी नसते. ती जागा ही पंचविशीतली मुलगी व्हॅक्यूम पॅकिंग करून भरून काढते. २०२२ साली एका बड्या आयटी कंपनीनं दुसरीकडेही काम करतात म्हणून तीनशे जणांना काढलं आणि 'मूनलायटिंग' हा शब्द घरोघर पोहोचला, तेव्हा मला काळजी वाटली. मी तिला फोन केला. तिनं एचआरचा मेल दाखवला. केकला त्यांची हरकत नव्हती, फक्त डबे ऑफिसात आणू नयेत. मला एकदम बाबांची आठवण झाली. त्यांनी तो मेल फ्रेम करून लावला असता.

तिच्याकडे एक तक्ता असतो. लोणी, मैदा, खोका, वीज, डिलिव्हरी, आणि शेवटच्या रकान्यात 'माझा वेळ', तासाचा दर लावून. तो रकाना मी दोनदा वाचला. आमच्या सतरंजीवर चार माणसांचा महिनाभराचा वेळ कुणी कुठे मांडलाच नव्हता. मांडला असता तर राख्यांचं काम आईनं हातात धरलं नसतं, आणि आईच्या ते लक्षात आलं नसेल यावर माझा विश्वास नाही. तिनं तो मुद्दाम मांडला नसावा. भाचीचं बरोबर आहे, हे मला मान्य आहे. फक्त तिच्या तक्त्यात येणारा रुपया आधीच कुठेतरी जायचा ठरलेला असतो: हप्ता, गाडी, एसआयपी. मी विचारलं, "यातून स्वतःसाठी काय घेतलंस?" ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "मोठा ओव्हन."

बाबा गेले, मग आईही गेली. तिच्या मागे कागदपत्रं आवरताना एजन्सीची फाइल निघाली. तिनं माझं नाव वारस म्हणून लावलं होतं. एजंट गेल्यावरही त्याच्या जुन्या पॉलिस्यांवरचं कमिशन वारसाला मिळू शकतं, हे मला तेव्हा कळलं. बहुतेक पॉलिस्या केव्हाच पुऱ्या झालेल्या. लोकलच्या ग्रुपमधल्या कुणाकुणाच्या मुलांच्या एक-दोन उरलेल्या. कुणीतरी कुठेतरी अजून हप्ता भरत होतं आणि त्यातले पाच टक्के, बाबांच्या एका जुन्या उसाशाचे, माझ्या खात्यात येऊन पडले. मोबाइल वाजला. एकशे सोळा रुपये आणि काही पैसे.

हे पैसे घरखर्चात मिसळू द्यायचे नाहीत, एवढं मी लगेच ठरवलं. एटीएममधून शंभराची नोट काढली. निष्कारण वास घेऊन पाहिला. मग घरात काही न सांगता स्टेशनवर गेलो, वर पदरचे थोडे घातले आणि एसी लोकलचं तिकीट काढलं, डोंबिवली ते दादर, जाऊन येऊन. दादरला काही काम नव्हतं. गाडी आली, दारं आपोआप उघडली, आत गार होतं आणि खरंच कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बसायला मात्र मिळालं नाही.